कलम सतरा

तळघरात तेलाची टाकी, टाकीवर काचेची नळी,
नळीत एक लाल बोंड.
अर्ध्यावर असतं तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.
सहा डिसेंबरपासून मी
दिवसातून चारदा जिना उतरतोय,
आजाऱ्याची नाडी बघायला उतरावं तसा.

शंभर गॅलनखाली तेलवाला गाडी काढत नाही.
म्हणून पंपावरून डिझेल आणायचं,
पाच गॅलनच्या पिवळ्या डब्यात,
नरसाळं कोटाखाली लपवून.
जसं काही नदीच्या या काठावर
पिवळ्या डब्याचा अर्थ कुणाला ठाऊकच नाही.

फोन केले.
पहिला नंबर बंद.
दुसऱ्यावरची मुलगी फार गोड बोलली,
पण आमचा जिल्हा तिच्याकडे येत नव्हता.
तिसऱ्याने चौथा दिला, चौथ्याने पहिलाच.
बुधवारी चर्चच्या तळघरात डबे मिळतात:
वाटाणे, ट्यूना,
कुणाच्या तरी लग्नातून उरलेले कागदी रुमाल.
ऊब काही डब्यात मिळत नाही.

शेवटी ग्रंथालयातल्या पोरीने चिठ्ठी दिली:
टाउन ऑफिस, मंगळवार-गुरुवार, क्लॉडेटला भेटा.
कसं जायचं तेही सांगू लागली.
मी ऐकून घेतलं.
त्या इमारतीत मी नऊ वर्षं बसलोय,
टेबलाच्या पलीकडच्या बाजूला.

क्लॉडेट मिशो. हिच्या बापाबरोबर
तीन नंबरच्या मशीनवर कागद ओढला एकवीस वर्षं,
गिरणी बंद होईपर्यंत.
अर्ज चार पानी.
घरात माणसं किती? दोन लिहिलं. खोडलं.
ओडिल गेली त्याला वर्ष उलटलं,
बोटांना अजून कुणी कळवलेलं नाही.
गाडी कोणत्या सालची?
तीस दिवसांत काय काय विकत घेतलं, पावत्या जोडा.
एका पावतीवर मांजराचं खाणं होतं.
"हे मूलभूत गरजेत धरत नाहीत," ती म्हणाली,
आणि ती पावती तिने
पालथी घालून बाजूला ठेवली.

मग ती मोजत राहिली आणि मी भिंतीकडे बघत राहिलो.
भिंतीला इतिवृत्तांच्या हिरव्या वह्या.
गेल्या मार्चची गावसभा त्यातच कुठेतरी.
कलम सतरा, गरजूंसाठी मदतनिधी,
अठरा हजारांवरून अकरा.
मी उठून बोललो होतो:
"या गावात कष्टाळू माणूस कधी गारठून मेलेला नाही."
टाळ्या पडल्या होत्या.
आणि आम्ही हात वर केले,
दोन्ही अर्थांनी.

इतिवृत्त क्लॉडेटच लिहिते.
माझं वाक्य वहीत असणार,
तिच्या उभट अक्षरात, अवतरणचिन्हांसकट.
ती त्याबद्दल काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
"रोझेअर, एकशेवीस गॅलन बसतात.
जानेवारीसाठी जानेवारीत परत यावं लागेल.
आणि गावासाठी बारा तास काम. इथे सही."

पिनेटचा पोरगा टँकर घेऊन आला.
तेल भरताना टाकीची शिट्टी वाजते,
टाकी भरली की आपोआप थांबते.
शिट्टी वाजत असतानाच त्याने नळ बंद केला.
"एकशेवीस," म्हणाला, नजर पाइपावर ठेवून.

बारा तासांतले नऊ बर्फ उपसण्यात गेले.
उरलेले तीन आज,
शाळेच्या जिममध्ये, उद्याच्या सभेच्या खुर्च्या मांडायला.
एकशेचाळीस. एकीचा पाय लंगडा निघाला,
ती भिंतीशी लावली.
प्रत्येक खुर्चीवर विषयपत्रिका ठेवायची.
कलम सतरा पाचव्या पानावर आहे.
अजून उघडून बघितलेलं नाही.

हीटर मात्र कुणीतरी आत्ताच चालू केलाय.
कोट काढला,
आणि मधल्या रांगेत, कुणाच्या तरी जागेवर,
जरा टेकलो.